बदाम भिजवा, पोट झाका

डोक्याची इतकी काळजी वाहणारा आणि तेच डोकं इतक्या निवांतपणे नासवणारा समाज मराठी मध्यमवर्गाइतका दुसरा शोधून सापडायचा नाही. रात्री बदाम भिजत घालायचे, सकाळी सोलून पोराच्या तळहातावर ठेवायचे. टाळूला ब्राह्मीचं तेल, शनिवारी अबॅकस, रविवारी स्कॉलरशिपचा क्लास, परीक्षेच्या दिवशी हातावर दही-साखर. 'आमच्याकडे पैसा नसेल, पण डोकं आहे' हे तर आमचं ठेवणीतलं वाक्य. आणि हे सगळं ज्याच्या पगारावर चालतं तो गृहस्थ? तो सोफ्यावर रेलून, बनियनखालून डोकावणाऱ्या पोटावर चकलीची ताटली टेकवून बातम्या बघत असतो. त्याच्या डोक्याची चौकशी घरात कुणी करत नाही. त्याचं शिक्षण झालंय, नोकरी लागलीय, हप्ते चालू आहेत. त्याला आता डोकं कशाला हवं?

मी डॉक्टर नाही. अर्धं आयुष्य पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढण्यात गेलं. त्यामुळं मला कुणाला बरं करायचं नसतं आणि कुणाची मर्जीही राखायची नसते. सकाळी सातची रांग बघा. 'फास्टिंगला काही न खाता-पिता या' असं आदल्या दिवशी फोनवर बजावलेलं असतं. तरी एखादे काका येतातच, 'चहा घेतलाय, पण अर्धाच कप हो, बिनसाखरेचा.' दुसरे आठवडाभर कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड खाऊन आलेले असतात. तिसऱ्या बाई जेवणानंतरच्या पीपी टेस्टसाठी मुद्दाम अर्धीच पोळी खाऊन येतात, म्हणजे दोन तासांनंतरचा आकडा देखणा दिसावा. फसवायचं कुणाला? मला? मी करड्या टोपणाच्या बल्बमध्ये रक्त घेते, लेबल चिकटवते आणि पुढच्याला हाक मारते. तुमची साखर दोनशे आली काय आणि नव्वद आली काय, माझ्या पगारात फरक पडत नाही.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी आली तेव्हा या चलाखीला जरा आळा बसला. पण मग नवा प्रकार सुरू झाला. ५.७ ते ६.४ या पट्ट्याला प्रीडायबेटिस म्हणतात. आमच्याकडे त्याला 'बॉर्डरलाइन' म्हणतात, आणि बॉर्डरलाइन म्हणजे सुटका. 'सहा पॉइंट तीन आलं, वाचलो!' असं म्हणून लॅबच्या दारातच मिसळीचा बेत ठरलेला मी ऐकलाय. साडेसहाला डायबेटिस, सहा पॉइंट चारला मोकळे. जणू शरीर चिठ्ठ्या टाकून निर्णय घेतं.

खरी गंमत अशी की साखरेचा आकडा हलायच्या कितीतरी वर्षं आधीपासून आत गोंधळ चालू असतो. जेवल्यावर रक्तात उतरलेली साखर मुख्यतः स्नायूंनी उचलायची, आणि ती उचला असा निरोप इन्सुलिननं द्यायचा, ही मूळ व्यवस्था. माणूस बसून राहिला, पोटात आणि यकृतात चरबी साठत गेली, की स्नायू आणि यकृत हा निरोप नीट ऐकेनासे होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. घरात आजोबांना ऐकू कमी येऊ लागलं की सगळं घर हळूहळू मोठ्यानं बोलायला लागतं आणि आपण ओरडतोय हे घरातल्या कुणालाच कळत नाही, तसं हे. साखर नॉर्मल दिसते, कारण इन्सुलिन दुप्पट-तिप्पट ओरडून ती नॉर्मल ठेवत असतं. रिपोर्टवर हिरवा आकडा, आत आरडाओरडा. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणायचं. एक दिवस स्वादुपिंडाचा घसा बसतो आणि साखर वर जाते. तेव्हा आपण म्हणतो, 'परवा शुगर निघाली.' परवा नाही निघाली, मालक. दहा-पंधरा वर्षांपासून निघत होती.

आता यात मेंदू कुठून आला? शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण बसल्या जागी खर्च होणाऱ्या ऊर्जेतली वीसेक टक्के तो एकटा खातो. त्याचं इंधन मुख्यतः ग्लुकोज. बरीच वर्षं पाठ्यपुस्तकं शिकवत होती की मेंदूला इन्सुलिनशी देणंघेणं नाही, कारण साखर आत घ्यायला त्याच्या पेशींना इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. ते अर्धं खरं होतं. १९७८ साली उंदरांच्या मेंदूत इन्सुलिनचे रिसेप्टर सापडले, आणि तेही भरपूर. पुढं कळत गेलं की मेंदूत इन्सुलिन साखर ओढायचं काम फारसं करत नाही, पण पेशींचे एकमेकींशी जोड टिकवणं, भूक आवरणं, आठवण पक्की करणं अशा भानगडींत त्याचा हात असतो. आणि ज्या भागांत हे रिसेप्टर दाट आहेत त्यांत हिप्पोकॅम्पस आहे. कानशिलाच्या आत, मेंदूच्या तळाशी, दोन्ही बाजूंना एकेक. किल्ल्या कुठं ठेवल्या, सकाळी कुणाचा फोन आला, गॅस बंद केला का, ही रोजची रोकड वही तिथं लिहिली जाते. अल्झायमरमध्ये सर्वांत आधी झिजणाऱ्या भागांपैकी हाच एक.

त्याहून साधा मार्ग रक्तवाहिन्यांचा आहे. मेंदूच्या आत खोलवर केसासारख्या बारीक धमन्या जातात. चढलेली साखर, वाढलेलं ट्रायग्लिसराइड, वर गेलेलं बीपी हे त्रिकूट वर्षानुवर्षं त्यांच्या आतल्या अस्तरावर काम करत राहतं. धमन्या जाड होतात, अरुंद होतात, काही बंद पडतात. एमआरआयवर मग मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यात चकाकणारे ठिपके दिसतात. बारीकसारीक अटॅक येऊन जातात आणि घरात कुणाला पत्ता नसतो. 'ह्यांचा स्वभाव हल्ली फार चिडका झालाय' एवढंच कळतं.

नात्यातल्या एका काकांचा रिपोर्ट मी स्वतः वाचलाय. वय साठीच्या जरा पुढं. शुगर वीसेक वर्षांची, गोळी 'आठवण झाली की'. काकू सांगत होत्या, 'अगं, बँकेतून रिटायर झालेला माणूस, आता दुधाचा हिशेब दोनदा मांडतो आणि दोन्ही वेळा वेगळा येतो.' एमआरआयच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं: वयोमानानुसार मेंदूची झीज, बारीक रक्तवाहिन्यांचे जुने बदल. वयोमानानुसार! काकांच्याच वयाचे त्यांचे मोठे साडू रोज पर्वतीच्या पायऱ्या चढतात आणि अजून सोसायटीचं ऑडिट एकहाती करतात. वय दोघांचं सारखं, झीज एकाची. पण रिपोर्टनं 'वय' म्हटलं की सगळे सुटतात. डॉक्टर सुटतो, कुटुंब सुटतं, काका तर केव्हाच सुटलेले असतात. डॉक्टरांच्या केबिनबाहेर पडल्यावर काकूंनी मला विचारलं ते एवढंच, 'बदाम चालू करू का गं?'

कुणी म्हणेल, हा एका काकांचा किस्सा झाला. बरोबर आहे, किश्शावर शास्त्र उभं राहत नाही. म्हणून मोठे अभ्यास बघा. लंडनमध्ये व्हाइटहॉल म्हणजे आपल्याकडचं मंत्रालय समजा. तिथल्या दहा हजारांवर सरकारी नोकरांच्या प्रकृतीचा पाठपुरावा १९८५ पासून चालू आहे. २०२१ साली त्यावरचा एक शोधनिबंध आला. सत्तरीला पोचलेल्या माणसांत ज्यांचा डायबेटिस दहा वर्षांहून जुना, त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, व्हायचं प्रमाण डायबेटिस नसलेल्यांच्या साधारण दुप्पट. ज्यांचा डायबेटिस गेल्या पाच वर्षांतला, त्यांच्यात म्हणावा असा फरक नाही. परत वाचा. रोग तोच, वय तेच. फरक फक्त किती वर्षं मुरला याचा. बॉर्डरलाइनवाल्यांना या अभ्यासात वेगळा धोका दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी हेच माझ्या तोंडावर मारेल. पण बॉर्डरवर तंबू ठोकून कायम राहणारे किती असतात, हे मला रांगेत दिसतं. दोन वर्षांनी तेच काका करड्या बल्बच्या जोडीला कॅप्सूलची पट्टी घेऊन येतात.

ऑस्ट्रेलियात कॅनबेराकडच्या साठी-चौसष्टीच्या लोकांचे चार वर्षांच्या अंतरानं मेंदूचे स्कॅन काढले. ज्यांना डायबेटिस नव्हता, उपाशीपोटीची साखर नॉर्मल पट्ट्यातच होती, त्यांच्यातसुद्धा नॉर्मलच्या वरच्या टोकाला असणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस जास्त आक्रसलेला निघाला. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात पोटातली चरबी जास्त तसा मेंदूचा एकूण आकार कमी, असं नातं दिसलं. ब्रिटनच्या बायोबँकेतल्या हजारो स्कॅनमध्येही लठ्ठपणा आणि कंबरेचा घेर यांच्या जोडीनं करडं द्रव्य कमी. हे फरक लहान आहेत. एखाद्याचा स्कॅन हातात घेऊन 'याचं पोट सुटलेलं असणार' असं कुणी सांगू शकत नाही. आणि नातं दिसलं म्हणजे एकामुळंच दुसरं झालं असंही नाही. कमी शिकलेला, गरीब, कमी झोपणारा माणूस दोन्हीकडून मार खात असतो. पण देश बदलला, वय बदललं, मोजायची रीत बदलली तरी बोट त्याच दिशेला जातं. आणखी किती बोटं हवीत?

इथं आमचा सडपातळ वर्ग गालातल्या गालात हसतो. 'आम्ही कुठं जाड आहोत?' या हसण्यावरच माझा खरा राग आहे, कारण याचं उत्तर पुण्यातच सापडलं आणि पुणेकरांनाच ठाऊक नाही. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. या आकड्यात दोघं जुळे, आतून दोन वेगळी माणसं. म्हणजे तुमचा काटा तुमची तारीफ करत असतो तेव्हा तो बहुधा खोटं बोलत असतो.

याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत बायकांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. या बायका शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी बारीक, पोटातल्या अवयवांनी बारीक, पण त्वचेखालच्या चरबीत त्या मानानं अजिबात मागं नाहीत. 'थिन-फॅट' बाळ म्हणतात ते हेच. पुढं असंही दिसलं की आईच्या रक्तात बी-बारा कमी आणि फोलेट जास्त असेल, तर सहाव्या वर्षी त्या मुलांत इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त. अठराव्या वर्षापर्यंत या खेड्यांतल्या काटकुळ्या पोरांत, म्हणजे ज्यांच्याकडं बघून 'जरा तूप खा रे' म्हणावं अशांत, तिघांमागे एकाच्या आसपास मुलग्यांची साखर नॉर्मलच्या बाहेर. मुलींत प्रमाण कमी. ही पोरं बर्गर खाऊन बिघडलेली नाहीत. आईच्या ताटात जे नव्हतं त्याचा हिशेब ती चुकवत आहेत.

तर हे 'पोट सुटलेले आळशी लोक' असं बोट नाचवणाऱ्या फिटनेसवाल्यांनीही जरा खाली बसावं. बारा तासांची पाळी करून टपरीवरच्या वडापाववर दिवस काढणाऱ्या वॉचमनला 'प्रोटीन वाढव' म्हणून सांगणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडणारी, रात्री नऊला घरी येऊन भांडी घासणारी बाई सात तास झोपणार कधी? तिच्या वॉर्डात फूटपाथ आहे का? असलाच, तर त्यावर मोटारसायकली आणि नगरसेवकाच्या वाढदिवसाचा मंडप आहे. मी चिडते ती ज्यांना सगळं परवडतं, वेळही आहे, गच्चीसुद्धा आहे आणि तरी जे पोट झाकायला शर्ट बाहेर काढतात, त्यांच्यावर.

आणि या लोकांना लुटायला आता नवी जमात आलीय. २००५ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरला 'टाइप थ्री डायबेटिस' म्हणता येईल असं मांडलं. मांडणी रंजक होती. इन्सुलिन मोडून टाकणारं एंझाइम तेच अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं ॲमिलॉइडही मोडतं, मग इन्सुलिन फार झालं तर ॲमिलॉइडचा कचरा उचलणार कोण, असा तर्क त्या वर्तुळात मांडला जातो. शास्त्रात हा प्रश्न अजून उघडा आहे. पण व्हॉट्सॲपवर तो कधीच मिटलाय. 'ब्रेन डिटॉक्स' पावडरी निघाल्यात, दंडावर चोवीस तास साखर मोजणारा सेन्सर धडधाकट माणसं लावून फिरतात आणि आंबा खाल्ल्यावरचा आलेख स्टेटसला टाकतात. एकीकडे दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे, दुसरीकडे दर दोन तासांनी थोडं खा म्हणणारे. दोन्ही फडांत घरंच्या घरं वाटली गेलीत. नणंद-भावजयीत यावरून अबोला धरलेला मी पाहिलाय. आणि दोघींचं भांडण बघत बसलेला माणूस तिसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेतो.

उपचारांचं म्हणाल तर शास्त्रानं स्वतःचे हात पोळून घेतलेत आणि ते लपवलेलंही नाही. नाकात इन्सुलिनचा फवारा मारून मेंदूपर्यंत पोचवायचा प्रयोग अल्झायमरच्या रुग्णांवर झाला, २०२० साली निकाल आला, उपयोग दिसला नाही. वजन उतरवणारं म्हणून जगभर गाजलेलं सेमाग्लुटाइड सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये गोळीच्या रूपात देऊन पाहिलं. २०२५ च्या नोव्हेंबरात कंपनीनंच सांगितलं की आजाराचा वेग कमी झाला नाही. त्याच्याही आधी, २०११ मध्ये, 'अकॉर्ड-माइंड' या चाचणीचा निकाल आला होता. जुन्या डायबेटिसवाल्यांची साखर औषधांनी करकचून खाली आणली. चाळीस महिन्यांनी मेंदूची झीज थोडी कमी भरली, पण बुद्धीच्या परीक्षांत काडीचाही फरक नाही. वर, मूळ चाचणीत साखर करकचून आणलेल्या गटात मृत्यू जास्त झाले म्हणून ती बाजू आधीच थांबवावी लागली होती. वीस वर्षं मुरू दिलेलं साठीनंतर गोळीनं उपटता येत नाही, हे इतक्या खर्चानं कळलं. बैल गेला आणि झोपा केला.

मग उपयोग कशाचा दिसतो? सांगायलाही लाज वाटावी इतका साधा. अमेरिकेत १२० वयस्कर लोकांपैकी निम्म्यांना वर्षभर चालायला लावलं, आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटांपर्यंत. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला आणि नुसते अंग ताणायचे व्यायाम करणाऱ्या उरलेल्यांचा आक्रसला. २०११ चा हा अभ्यास लहान आहे, त्यावर डोळे मिटून नाचू नये. फिनलंडमध्ये साठी ते सत्त्याहत्तरीच्या १,२६० जणांपैकी निम्म्यांना दोन वर्षं खाणं, व्यायाम, डोक्याला काम आणि बीपी-शुगरवर नजर असं सगळं मिळून दिलं. २०१५ मध्ये निकाल आला, बुद्धीच्या चाचण्यांत हा गट पुढं राहिला. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची परवानगी न घेता साखर आत ओढतो, हे तर शरीरशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मिळेल. जेवल्यावर शंभर पावलं चाला असं सांगणारी आजी शरीरशास्त्र शिकली नव्हती. आम्ही शिकलो, आणि शतपावली करायला निघून आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत जाऊन रिक्षानं परत आलो.

सणवार सोडूनच द्या. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण ज्यानं रचली त्यानं आमच्या सोसायटीतलं आरोग्य शिबिर पाहिलं असावं. गणपतीत मंडळानं मोफत शुगर तपासणी ठेवली. मंडपाच्या एका कोपऱ्यात आमचं टेबल, बोटाला टोचायची यंत्रं, पट्ट्यांच्या डब्या. दुसऱ्या कोपऱ्यात तपासून झालेल्यांसाठी अल्पोपाहार: साबुदाणा वडा, मोतीचूर लाडू, चहा. एकाचं रीडिंग दोनशे साठ आलं. त्यानं कागद घडी करून खिशात घातला, 'प्रसाद आहे, नाही कसं म्हणायचं' म्हणून लाडू उचलला आणि मलाही एक आणून दिला. मीही खाल्ला. चांगला होता.

सरकारचं वेगळं काय? जून २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्यानं कार्यालयांत तेल आणि साखरेचे फलक लावा असं सुचवलं. जुलैत त्याची बातमी नागपूरच्या एम्सच्या नावानं आली आणि देशभर कल्ला झाला: समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखी ताकीद येणार! दोनच दिवसांत खुलासा करावा लागला की बाबांनो, असं काही नाही, फेरीवाल्यांना कुठलंही लेबल लावायला सांगितलेलं नाही, भारतीय पदार्थांना वेगळं काढलेलं नाही. भिंतीवर एक फलक लावायचा तरी पाय लटपटतात. चिलीनं २०१६ पासून पुडक्यांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, साखर जास्त, मीठ जास्त, असे ढळढळीत. आमच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२२ मध्ये मसुदा काढला तो ताऱ्यांचा. म्हणजे बिस्किटाच्या पुड्याला धोक्याचा शिक्का नाही, हॉटेलसारखे तारे. त्यावरही इतका घोळ की २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, आटपा. दुधात कालवायच्या गोड पावडरींना 'हेल्थ ड्रिंक' म्हणू नका हे ऑनलाइन दुकानांना सांगायला २०२४ उजाडलं, तेही कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही हे बालहक्क आयोगानं दाखवून दिल्यावर. तोवर दोन पिढ्यांच्या आयांनी पोराचं डोकं चालावं म्हणून तेच चमचे कपात घोळले. आणि महाराष्ट्रात साखरेविरुद्ध कोण बोलणार? प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना १९५० मध्ये उभा राहिला, त्यानं शेतकऱ्याला माणसात आणलं, हे मान्यच. पण तेव्हापासून या राज्यातली अर्धी खुर्ची उसाच्या बुडख्यावर उभी आहे. कारखान्याच्या संचालक मंडळात बसलेल्या माणसानं मतदारसंघात शुगर तपासणी शिबिराचं उद्घाटन करायचं, हे दृश्य आता कुणाला विचित्रही वाटत नाही.

आकडे कानावर घालते, राग आला तरी चालेल. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचा निकाल २०२३ मध्ये आला: देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस, आणखी १३.६ कोटी बॉर्डरवर. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीचा अंदाज, साठीपुढच्यांत ७.४ टक्क्यांना डिमेन्शिया, म्हणजे ८८ लाख माणसं. या दोन आकड्यांच्या मधे जी वीस-पंचवीस वर्षं आहेत त्यांची जबाबदारी कुणाकडे आहे? शुगरचा डॉक्टर पाय बघतो, डोळे बघतो, किडनी बघतो, बघायलाच हवं. विसरण्याबद्दल विचारायला त्याला वेळ नसतो. मेंदूचा डॉक्टर भेटतो तेव्हा पेशंट सूनबाईंना 'तुम्ही कोण?' असं विचारायला लागलेला असतो. 'लॅन्सेट'च्या आयोगानं २०२४ मध्ये चौदा कारणं मांडली. ती सगळी आवरली तर जगातला जवळपास निम्मा, ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबू शकतो असा त्यांचा हिशेब. डायबेटिस, बीपी, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, बैठं आयुष्य ही त्यांतलीच पाच. एकट्या डायबेटिसचा वाटा त्यात छोटाच आहे. पण हे पाचही भाऊ एकाच पोटात राहतात.

आणि आतला गोंधळ मोजायचा म्हटलं तर मोजता येतो, तेही फुकटात. उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि साखर यांचा गुणाकार करून ४०५ नं भागायचं, असं एक गणित आहे. त्याच्यामागं धावू नका. इन्सुलिनचे आकडे लॅबगणिक बदलतात, हे आतली बाई म्हणून सांगते. त्यापेक्षा बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडायचा आणि वाचायचं. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. त्यापुढं गेलात की आतली चरबी दार वाजवतेय असं समजा. पुरुष इथंही चलाखी करतात. 'माझी पँट चौतीस' म्हणतात. ती चौतीसची पँट पोटाच्या खाली बांधलेली असते, पोट तिच्यावरून ओसंडत असतं. शिंप्याला खरं माप माहीत असतं, म्हणून तर लोक हल्ली रेडिमेड घेतात. बायकांचं माप साडी झाकते आणि त्यांना विचारायची तर पद्धतच नाही. घरात डिमेन्शिया आला की सेवेला मात्र त्याच उभ्या असतात.

आमच्या लॅबमध्ये एक फुल बॉडी पॅकेज आहे. सत्तरच्या वर टेस्ट, चकचकीत फाइल, त्यावर हसणाऱ्या जोडप्याचा फोटो. थायरॉइड आहे, व्हिटॅमिन डी आहे, लोह आहे, माणसाला उच्चारताही येणार नाहीत अशी एंझाइमं आहेत. मी मालकांना म्हटलं, 'सर, पन्नास रुपयांची शिंप्याची टेप काउंटरवर ठेवू. येईल त्याची कंबर मोजू, फाइलच्या पहिल्या पानावर लिहू.' ते कॅल्क्युलेटरवरून मान वर न करता म्हणाले, 'मॅडम, टेपला रेट काय लावणार? आणि त्यातून डॉक्टरचा कट किती काढणार?'